रामन परिणामाचे श्रेय कोणाचे? भौतिकशास्त्रातील श्रेयवाद तपासताना

प्रश्न: मी नागपूरला एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या कार्यक्रमात एका वक्त्यांनी सांगितले की रामन परिणामाचे खरे काम रामन यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांचे होते आणि रामन यांनी ते आपल्या नावावर केले. दुसऱ्या वक्त्यांच्या मते हा शोध रशियन शास्त्रज्ञांनी आधीच लावला होता. सत्येंद्रनाथ बोस आणि ई. सी. जी. सुदर्शन या भौतिकशास्त्रज्ञांवरही नोबेलच्या बाबतीत अन्याय झाला, असे नेहमी कानावर येते. यात खरे काय आहे, श्रेय कोणाचे हे ठरवायचे कसे, आणि उद्या आम्ही स्वतः संशोधनाला लागलो की कोणती काळजी घ्यावी?

उत्तर:

तुम्ही ऐकलेल्या दोन्ही वक्त्यांच्या म्हणण्याला थोडा आधार आहे, पण त्यांनी त्यातून काढलेले निष्कर्ष कागदपत्रांवर टिकत नाहीत. विज्ञान दिनाच्या आसपास नागपुरातल्या महाविद्यालयांत हा वाद दरवर्षी निघतो आणि ते स्वाभाविकही आहे. गांधीसागर तलावाजवळचे रामन विज्ञान केंद्र १९९२ पासून आपल्या डोळ्यांसमोर आहे, आणि स्वतः रामन वित्त खात्यात अधिकारी असताना १९१० मध्ये काही काळ याच शहरात नोकरीला होते. पदव्युत्तर वर्गांना शिकवताना मूळ शोधनिबंध त्यांच्या तारखांसह वाचून घेण्याचा माझा परिपाठ होता. त्या वाचनातून माझे एक मत पक्के झाले आहे. ‘श्रेय कोणाचे?’ या प्रश्नाला उत्तर नसते; ‘कोणी, कोणत्या तारखेला, कोणत्या कागदावर, नेमका कशाचा दावा केला?’ या प्रश्नाला बहुतेक वेळा असते. आणि तसे विचारत गेले की अन्याय झालेला आढळतो तो पुष्कळदा पुरस्काराच्या टप्प्यावर नव्हे, तर त्याच्या बराच आधी, जेव्हा एखाद्या कनिष्ठ संशोधकाला बोलायची, छापायची किंवा साधी सामग्री मिळवायची संधी नाकारली गेली तेव्हा.

रामन परिणामापासूनच सुरुवात करू, म्हणजे पदार्थातून विखुरताना प्रकाशाच्या काही अंशाची तरंगलांबी (रंग) बदलते त्या घटनेपासून, कारण त्याची कागदपत्रे चांगली टिकली आहेत.

कलकत्त्याच्या बहुबाजार रस्त्यावरील इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत द्रवांमधून विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास १९२१ नंतर सातत्याने चालू होता. १९२३ मध्ये के. आर. रामनाथन यांना पाण्यातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगापेक्षा वेगळा असा एक क्षीण अंश दिसला. पाणी पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही तो गेला नाही; तरी त्या वेळी त्याची नोंद ‘क्षीण प्रतिदीप्ती’ (पदार्थाने प्रकाश शोषून वेगळ्या रंगात परत सोडणे) अशीच झाली. पुढे कृष्णन यांना हाच अंश इतर अनेक द्रवांत आढळला. १९२७ च्या अखेरीस एस. वेंकटेश्वरन यांनी अतिशुद्ध ग्लिसरीनमधून विखुरलेला प्रकाश निळा नसून हिरवट आहे, आणि शिवाय तो ठळकपणे ध्रुवित आहे, म्हणजे त्याचे कंपन मुख्यतः एकाच दिशेत आहे, असे दाखवले. हे ध्रुवण महत्त्वाचे होते, कारण सामान्य प्रतिदीप्ती ध्रुवित नसते. याच सुमारास, १९२७ च्या डिसेंबरात, कॉम्प्टन यांना नोबेल मिळाले. क्ष-किरणांची तरंगलांबी विखुरताना बदलते, तर दृश्य प्रकाशाचीही बदलू शकेल, हा विचार रामन यांनी धरला आणि १९२८ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, त्या काळात मुख्यतः सैद्धांतिक कामात गुंतलेल्या कृष्णन यांना पुन्हा प्रयोगाकडे वळवले.

प्रयोगाची मांडणी साधी होती. सूर्यप्रकाशाचा झोत भिंगाने एकवटून, निळ्या-जांभळ्या फिल्टरमधून गाळून, शुद्ध केलेल्या द्रवात सोडायचा. बाजूला विखुरलेला प्रकाश निळा-जांभळाच असेल, तर डोळ्यासमोर पिवळा-हिरवा फिल्टर धरताच द्रवातील प्रकाशाची रेघ पूर्ण नाहीशी व्हायला हवी. ती नाहीशी होत नव्हती. मंद, पण स्पष्ट दिसत राही. तोच पिवळा-हिरवा फिल्टर डोळ्यासमोरून काढून द्रवाच्या अलीकडे, झोताच्या वाटेत ठेवला की मात्र रेघ विझे. याचा अर्थ नवा रंग झोताबरोबर आलेला नव्हता, तो द्रवात तयार होत होता. जवळजवळ साठ द्रवांत हेच दिसले, आणि १६ फेब्रुवारी १९२८ ही तारीख घातलेले टिपण रामन आणि कृष्णन या दोघांच्या नावाने ‘नेचर’कडे गेले. ते ३१ मार्चच्या अंकात छापून आले.

२८ फेब्रुवारीच्या दिवसाची कृष्णन यांची नोंद उपलब्ध आहे. त्या दिवशी ते दुपारनंतर संस्थेत गेले. आपाती प्रकाशाच्या तरंगलांबीचा काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी निळ्या-जांभळ्या फिल्टरला युरेनियम काचेची जोड देऊन झोताचा पट्टा अरुंद करण्यात आला. मग द्रवातील रेघ स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिली, तेव्हा मूळ प्रकाश आणि बदललेला प्रकाश यांच्यामध्ये एक काळा पट्टा दिसला. तोपर्यंत ‘रंग थोडा बदलतो’ एवढेच म्हणता येत होते. या काळ्या पट्ट्याने बदललेला प्रकाश मूळ प्रकाशापासून तुटकपणे वेगळा असल्याचे दाखवले. त्यानंतर सूर्याऐवजी पाऱ्याचा दिवा वापरल्यावर वर्णपटात सुट्या, तीक्ष्ण नव्या रेषा मिळाल्या. त्या निष्कर्षाचे ८ मार्चचे टिपण एकट्या रामन यांच्या नावाने गेले आणि २१ एप्रिलला छापून आले. १६ मार्चला बंगळूरला दिलेले, नव्या प्रारणाविषयीचे प्रसिद्ध व्याख्यानही त्यांचेच; पण त्याच्या अखेरीस कृष्णन यांच्या सहकार्याचा आणि वेंकटेश्वरन यांच्या मदतीचा नावानिशी उल्लेख आहे. मे महिन्यातले आणखी एक टिपण पुन्हा दोघांच्या नावाने आहे.

या तारखा समोर ठेवल्या की ‘रामन यांनी काम आपल्या नावावर केले’ हे विधान उभे राहत नाही. शोधाची पहिली छापील घोषणा दोघांच्या नावाने आहे. प्रश्नाची दिशा, कॉम्प्टन परिणामाशी त्याची सांगड, आणि अनेक वर्षे दिसत असलेल्या एका क्षीण प्रकाशाला ‘हा अशुद्धीचा दोष नाही, ही निसर्गाची नवी घटना आहे’ असे ठामपणे म्हणण्याचे धाडस, हे रामन यांचे. निर्णायक आठवड्यांतील हाताचे आणि डोळ्याचे काम बहुतांशी कृष्णन यांचे. मी कृष्णन यांना सहशोधक मानतो आणि परिणामाच्या नावात त्यांचेही नाव असते तर ते न्याय्य ठरले असते, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र सहशोधकाचे नाव मागे पडणे वेगळे आणि कोणी काम चोरणे वेगळे. दुसरा आरोप करायला पुरावा लागतो आणि तो नाही. रामनाथन आणि वेंकटेश्वरन यांची नावे तर विज्ञान दिनाच्या भाषणांत कोणी घेतच नाही, याची मला अधिक खंत वाटते.

आता मॉस्कोकडे वळू. ग्रिगोरी लँड्सबर्ग आणि लिओनिद मंडेलश्ताम हे क्वार्ट्झच्या स्फटिकात वेगळीच गोष्ट शोधत होते. स्फटिकातील ध्वनिलहरींमुळे विखुरलेल्या प्रकाशरेषेचे अगदी लहानसे विभाजन व्हावे, अशी मंडेलश्ताम यांची अपेक्षा होती. त्याऐवजी त्यांना मूळ रेषेपासून बऱ्याच दूर नव्या रेषा मिळाल्या, आणि त्यांची पहिली नोंद २१ फेब्रुवारी १९२८ ची आहे, म्हणजे कलकत्त्याच्या त्या काळ्या पट्ट्याच्या आठवडाभर आधीची. पण त्यांनी टिपण पाठवले ते ६ मे रोजी आणि ते छापून आले जुलैमध्ये. त्यात रामन यांच्या टिपणांचा निर्देशही आहे. म्हणून ‘रशियनांनी आधी शोध लावला’ हे विधान एका वाक्यात खरे किंवा खोटे ठरवता येत नाही. स्वच्छ वर्णपटरेषा पाहण्यात मॉस्को आठवडाभर पुढे होते. बदललेला प्रकाश ओळखून तो जाहीर करण्यात कलकत्ता पुढे होते, आणि १६ फेब्रुवारीचे टिपण तर मॉस्कोच्या पहिल्या नोंदीच्याही आधीचे आहे. दोन्ही ठिकाणचे काम स्वतंत्र होते. भौतिकशास्त्रात प्राधान्य प्रकाशनाच्या तारखेवर ठरते, कारण कपाटातल्या वहीवर इतरांना टीका करता येत नाही आणि प्रयोगही तपासता येत नाही. त्या नियमाने रामन यांचे प्राधान्य निर्विवाद आहे. तरीही रामन यांना मिळालेल्या १९३० च्या नोबेलसाठी मॉस्कोच्या शास्त्रज्ञांचीही नामनिर्देशने झालेली असताना तो सन्मान विभागून दिला गेला असता, तर मला ते अधिक योग्य वाटले असते. रशियन पुस्तकांत या परिणामाला आजही सहसा रामन यांचे नाव दिलेले आढळत नाही, हे त्या न मिटलेल्या वादाचेच चिन्ह आहे.

आणखी एक नाव या हिशेबात धरायला हवे. असे विखुरणे घडेल, हे भाकीत ऑस्ट्रियाच्या अडोल्फ स्मेकल यांनी १९२३ मध्येच केले होते आणि १९२५ मध्ये क्रामर्स व हायझेनबर्ग यांनी त्याची गणिती मांडणी केली होती. भाकीत करणारा, पाहणारा, ओळखणारा आणि जाहीर करणारा असे चार वेगळे लोक एका शोधामागे असू शकतात, आणि श्रेयाचा बहुतेक गोंधळ या चार कामांना एकच काम समजल्यामुळे होतो.

बोस यांच्याबाबत मी थोडक्यात सांगतो, कारण तिथे श्रेयाचा वाद जवळजवळ नाहीच. १९२४ मध्ये त्यांनी ढाक्याहून पाठवलेला निबंध आइनस्टाइन यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून, बोस यांच्याच नावाने छापून आणला. प्रकाशकणांची नवी मोजणी बोस यांची. ती वस्तुकणांना लावून संघनितावस्थेचे भाकीत करणे आइनस्टाइन यांचे. सांख्यिकीच्या नावात दोघे आहेत आणि निसर्गातल्या कणांच्या एका संपूर्ण वर्गाला डिरॅक यांनी बोस यांचे नाव दिले. नोबेल मिळाले नाही, हा निवड समितीच्या निर्णयाचा भाग झाला. त्यावर टीका जरूर करावी, पण ‘श्रेय नाकारले’ असे म्हणू नये. खरी उपेक्षा पाहायची असेल, तर बी. दत्त यांच्याकडे पाहावे. गुरुत्वाकर्षणाखाली कोसळणाऱ्या धूलिमेघाचे समीकरण त्यांनी १९३८ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केले. ओपेनहायमर आणि स्नायडर यांचा गाजलेला निबंध त्यानंतर, १९३९ चा. दत्त यांचे नाव किती पाठ्यपुस्तकांत येते, हे तुम्ही विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन स्वतः तपासा.

बिभा चौधुरी यांच्याविषयी मात्र मला सविस्तर लिहायचे आहे, कारण सामग्री हातात नसणे हे श्रेय हातातून जाण्याचे कारण कसे ठरते, हे त्यांच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. त्या कलकत्त्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर काम करत. विश्वकिरणांच्या (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या) अभ्यासासाठी दोघांनी दार्जिलिंगला आणि त्याहून उंचावर सांदकफू येथे फोटोग्राफिक काचा महिनोन्‌महिने ठेवल्या. काच धुतल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली कणाचा मार्ग काळ्या ठिपक्यांच्या ओळीसारखा दिसतो. ठिपक्यांमधले अंतर आणि त्या ओळीला वाटेत पडलेली बारीक वळणे मोजून कणाच्या वस्तुमानाचा अंदाज करता येतो. ही पद्धत वापरून त्यांनी इलेक्ट्रॉनच्या सुमारे दोनशेपट वस्तुमानाच्या कणांविषयी १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’मध्ये लिहिले. पण त्यांच्याकडे होत्या त्या इल्फर्डच्या ‘हाफ-टोन’ काचा, ज्यांच्यावर वेगवान कणांचा माग उमटत नाही. अधिक संवेदनशील ‘फुल-टोन’ काचा महायुद्धामुळे भारतात मिळेनात, आणि काम थांबले.

युद्ध संपल्यावर ब्रिस्टलमध्ये सेसिल पॉवेल यांच्या गटाला इल्फर्डनेच नव्या, घट्ट थराच्या काचा बनवून दिल्या. लॅटेस, ओकियालिनी आणि पॉवेल यांनी १९४७ मध्ये एकाच काचेवर एका कणाचा शेवट आणि तिथूनच दुसऱ्या, हलक्या कणाचा आरंभ दाखवला. पाय-मेसॉनचा म्यू-मेसॉनमध्ये होणारा ऱ्हास तो हाच. १९५० चे नोबेल एकट्या पॉवेल यांना मिळाले, आणि पुढे आपल्या पुस्तकात त्यांनी बोस आणि चौधुरी यांच्या आधीच्या कामाची दखल घेतली. आपल्याकडे यावर ‘पाय-मेसॉन बिभा चौधुरींनी शोधला’ असे सरसकट लिहिले जाते. मी तसे म्हणणार नाही. दोन वेगळ्या कणांमधला दुवा दाखवणारी ती एक काच त्यांच्याकडे नव्हती, आणि तो दुवा हाच शोधाचा गाभा होता. पण फोटोग्राफिक काचांवरून मेसॉनचे वस्तुमान काढण्याची वाट त्यांनी ब्रिस्टलच्या आधी चालून दाखवली, हे श्रेय त्यांचे पूर्णपणे आहे आणि ते पदवीच्या पुस्तकात यायला हवे. त्याच्याही मागे जायचे, तर व्हिएन्नाच्या मारिएटा ब्लाऊ यांनी हेर्टा वांबाखर यांच्याबरोबर १९३७ मध्ये याच प्रकारच्या काचांवर विश्वकिरणांनी फोडलेल्या अणुकेंद्रकांच्या ‘तारका’ टिपल्या होत्या. ज्यू असल्यामुळे ब्लाऊ यांना १९३८ मध्ये देश सोडावा लागला. ब्रिस्टलच्या गटातल्या लॅटेस आणि ओकियालिनी यांनाही तो पुरस्कार मिळाला नाही, हेही विसरू नये.

लीझे माइटनर यांचे प्रकरण सर्वांना माहीत असल्याने मी त्यातल्या एकाच गोष्टीकडे लक्ष वेधतो. ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान यांनी युरेनियमपासून बेरियम मिळाल्याचे जानेवारी १९३९ मध्ये छापले, तेव्हा अनेक वर्षे त्याच प्रकल्पात असलेल्या माइटनर यांचे नाव त्या निबंधावर नव्हते. जुलै १९३८ मध्ये जर्मनीतून निसटून गेलेल्या एका ज्यू स्त्रीचे नाव बर्लिनहून छापले जाणे त्या राजवटीत शक्यच नव्हते. केंद्रक दुभंगते आणि त्यातून सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा सुटते, हे स्पष्टीकरण त्यांनी ओटो फ्रिश यांच्यासह फेब्रुवारीत दिले. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. निबंधावर नाव का नाही, हे न विचारता केवळ नाव नाही म्हणून श्रेय नाही, असे मानले की राजकीय अत्याचारावर विज्ञानाचा शिक्का बसतो. या प्रकरणात माझ्या मनात कोणताही संदेह नाही; तो निर्णय अन्यायाचा होता.

च्येन-श्युंग वू यांच्या बाबतीत थोडे सावधपणे बोलावे लागते. दुर्बल आंतरक्रियेत, म्हणजे किरणोत्सारी ऱ्हास घडवणाऱ्या बलात, समता (निसर्ग आणि त्याचे आरशातले प्रतिबिंब यांचे नियम सारखे असणे) पाळली जात नसावी, हा ली आणि यांग यांचा तर्क १९५६ च्या ऑक्टोबरात छापला गेला. वू यांनी कोबाल्ट-६० वर केलेला प्रयोग १९५७ च्या जानेवारीत पूर्ण झाला आणि फेब्रुवारीत छापून आला. त्या वर्षीच्या नोबेलची नामनिर्देशने ३१ जानेवारीला बंद झालेली होती. शिवाय प्रयोगात राष्ट्रीय मानक संस्थेचे चार सहकारी होते आणि इतर गटांनीही लगोलग पुष्टी दिली. म्हणून १९५७ चा निर्णय समजू शकतो. पुढच्या वर्षांमध्येही कधी त्यांना तो पुरस्कार मिळू नये, हे मात्र समजू शकत नाही. जॉसलिन बेल यांनी १९६७ मध्ये पल्सारचे (नियमित स्पंदने पाठवणाऱ्या ताऱ्याचे) संकेत कागदाच्या पट्ट्यांवर प्रथम ओळखले आणि १९७४ चे नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांकडे, अँटनी ह्युइश यांच्याकडे, मार्टिन राइल यांच्यासह गेले. स्वतः बेल यांनी मात्र संशोधक विद्यार्थ्यांना अगदी अपवाद वगळता नोबेल देऊ नये, अशी भूमिका घेतली होती. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मी त्या भूमिकेशी सहमत नाही. हजारो नोंदींमधून ती विसंगत खूण वेगळी काढणे आणि तिचा पिच्छा न सोडणे हे मार्गदर्शकाच्या सूचनेने होणारे काम नव्हते.

सुदर्शन यांचा प्रश्न दोन वेगळ्या कामांचा आहे आणि ती एकत्र करू नयेत. पहिले काम दुर्बल आंतरक्रियेचे स्वरूप सांगणाऱ्या ‘व्ही-ए’ (‘व्ही वजा ए’) सिद्धांताचे. रॉचेस्टरला संशोधक विद्यार्थी असताना त्यांनी तोवरच्या सर्व ऱ्हास-प्रयोगांची छाननी केली आणि निष्कर्ष काढला की सिद्धांत हाच असला पाहिजे, आणि त्याच्याशी न जुळणारे चार प्रयोग पुन्हा करून पाहायला हवेत. विद्यार्थ्याने प्रयोगांना चुकीचे म्हणणे लहान गोष्ट नव्हती, आणि ते म्हणणे पुढे खरे ठरले. पण एप्रिल १९५७ मध्ये रॉचेस्टरलाच भरलेल्या परिषदेत विद्यार्थी म्हणून त्यांना बोलायला मिळाले नाही, आणि त्यांचे मार्गदर्शक मार्शाक तिथे दुसऱ्याच विषयावर बोलले. त्या उन्हाळ्यात गेल-मान यांच्याशी चर्चा झाली. सप्टेंबरात पदुआ-व्हेनिस परिषदेत मार्शाक यांनी निबंध सादर केला, पण नियतकालिकात तो लगेच पाठवला नाही. फाइनमन आणि गेल-मान यांचा निबंध जानेवारी १९५८ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू’त आला, मार्शाक-सुदर्शन यांचे टिपण मार्चमध्ये. पुढे फाइनमन यांनी स्वतः जाहीरपणे मान्य केले की शोध सुदर्शन आणि मार्शाक यांचा, आपण व गेल-मान यांनी त्याचा प्रसार केला. या सिद्धांतासाठी नोबेल कोणालाच मिळालेले नाही, त्यामुळे ‘सुदर्शन यांचे नोबेल फाइनमनला दिले’ हे जे बोलले जाते ते सपशेल चूक आहे. हानी झाली ती परिषदेतल्या त्या न मिळालेल्या काही मिनिटांमुळे आणि न पाठवलेल्या टिपणामुळे.

दुसरे काम प्रकाशाच्या क्वांटम वर्णनाचे. १९६३ मध्ये रॉय ग्लाउबर यांनी प्रकाशाच्या सुसंगततेचा क्वांटम सिद्धांत मांडला. त्याच वर्षी सुदर्शन यांनी प्रकाशाच्या कोणत्याही अवस्थेचे विकर्ण निरूपण (ती अवस्था लिहिण्याची एक गणिती पद्धत) दिले, जे आज पाठ्यपुस्तकांत ग्लाउबर-सुदर्शन अशा जोडनावाने येते. २००५ मध्ये अर्धे नोबेल ग्लाउबर यांना आणि उरलेले हॉल व हेन्श यांना लेसरवर आधारित वर्णपटमापनासाठी मिळाले. एक नोबेल जास्तीत जास्त तिघांनाच देता येते; त्या तीन जागा भरल्या. सुदर्शन यांनी समितीला लेखी निषेध कळवला. ग्लाउबर यांचे श्रेय मी कमी लेखत नाही. पण ज्या निरूपणावर पुढचे गणित चालते त्याच्या कर्त्याला वगळणे मला पटत नाही, आणि येथे ‘अन्याय’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो.

तीन व्यक्तींची मर्यादा आता तर वस्तुस्थितीशी मुळीच जुळत नाही. १९६४ मध्ये तीन निबंधांतून सहा जणांनी, म्हणजे ब्राउट-एंगलर्ट यांनी, हिग्ज यांनी, आणि गुराल्निक-हेगन-किबल यांनी, कणांना वस्तुमान देणारी यंत्रणा मांडली. ब्राउट २०११ मध्ये वारले आणि २०१३ चे नोबेल एंगलर्ट व हिग्ज यांना मिळाले. उरलेले तिघे राहिले. कण मात्र एकट्या हिग्ज यांच्या नावाने ओळखला जातो. गुरुत्वीय लहरींच्या २०१६ च्या निबंधावर हजारावर नावे आहेत, २०१७ चा पुरस्कार तिघांना मिळाला, आणि उपकरणाच्या मूळ जनकांपैकी एक असलेले रोनाल्ड ड्रीव्हर त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. गोंगाटातून लहरीचा क्षीण संकेत वेचण्याच्या पद्धतीवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ पासून केलेले काम या शोधाच्या पायात आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ अशाच लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहत आहे. विदर्भातल्या तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांपैकी काही जण तिथे काम करतील आणि त्यांची नावे अशाच लांबलचक यादीत असतील. तिथे ‘शोध कोणी लावला?’ याला एका नावाचे उत्तर नसेल.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. विद्यार्थी आणि गाईड यांच्यातले नावाचे वाद मी जवळून पाहिले आहेत, काही वेळा मध्यस्थी करायलाही बसलो आहे. त्यांतले बहुतेक वाद लबाडीतून नव्हे, तर सुरुवातीला कोणीच काही न बोलल्यामुळे झालेले होते. पीएच.डी.ला नोंदणी झाल्यावर पहिल्याच निबंधाच्या आधी लेखकांचा क्रम कसा ठरेल, हे गाईडला अदबीने पण स्पष्ट विचारा. ज्या सरांना हा प्रश्न उद्धट वाटेल, त्यांच्याकडे आणखी चौकशी करून मगच नोंदणी करा. प्रयोगाची वही बांधीव, पानांवर क्रमांक असलेली ठेवा आणि रोजची नोंद त्याच दिवशी, तारखेसह करा. कृष्णन यांच्या फेब्रुवारी १९२८ च्या नोंदी नसत्या, तर त्यांच्या वाट्याविषयी आज आपण केवळ तर्क करत बसलो असतो. नवे काही दिसले की गाईडला तोंडी सांगून थांबू नका, त्याच दिवशी ई-मेल करा. निष्कर्ष पक्के झाले की प्रीप्रिंट (छापण्यापूर्वीचा मसुदा) आर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर टाका, आणि परिषदेत निबंध असेल तर तो स्वतः मांडायचा आग्रह धरा. तिथले तुमचे दहा मिनिटांचे भाषण सहलेखकांच्या यादीतल्या चौथ्या नावापेक्षा जास्त लक्षात राहते. अनेक नियतकालिके आता प्रत्येक लेखकाने नेमके काय केले हे छापतात. ‘क्रेडिट’ या पद्धतीत अशा १४ भूमिका आहेत, ज्यांत कल्पना सुचणे, पद्धत ठरवणे, मोजमाप करणे, मसुदा लिहिणे हे वेगळे धरले जाते. तो तक्ता भरताना गाईडजवळ बसा आणि तुमच्या नावापुढे जे लिहिले जाईल ते छापायला जाण्यापूर्वी वाचून घ्या.